इंजिनात किकची जागा

शेतीपंपाच्या थ्री फेज लाइटचं वेळापत्रक मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. रात्रीची पाळी लागली की औंढा असो, सेनगाव असो की कळमनुरी, मध्यरात्रीच्या सुमाराला गावागावांतून मोटारसायकली बाहेर पडतात. मागच्या सीटवर घरातलं एखादं पोरगं, त्याच्या हातात बॅटरी, हँडलला अडकवलेल्या पिशवीत टेस्टर, फ्यूजची तार आणि पाण्याची बाटली. पांदणीनं शेत गाठायचं, मोटर चालू करायची, हळदीला किंवा गव्हाला पाणी लावायचं आणि उजाडायच्या आत घरी परतायचं.

अशा वेळी, पहाटे तीन वाजता, आखाड्यासमोर उभी असलेली गाडी सुरू होत नाही. बटण दाबलं की सीटखालून नुसतं ‘टक्’ येतं. पुन्हा दाबलं तर तेही येत नाही आणि मीटरवरचे आकडे मावळतात. बॅटरी बसलेली असते. जुन्या गाडीत अशा वेळी माणूस बटणाचा विचारच करत नसे. उजव्या पायानं किकची दांडी बाहेर काढायची, दोन किका मारायच्या आणि निघायचं. पण या गाडीला दांडी नसते, आणि ती जिथं असायला हवी तिथं चकचकीत गुळगुळीत कव्हर असतं.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत हिंगोली जिल्ह्यातल्या गॅरेजांत एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: ‘या गाडीला किक बसवून भेटंल का?’ हा प्रश्न जुन्याच्या हौसेतून येत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा शेतीवर चालतो. सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद ही त्याची पिकं. वसमतच्या हळदीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. या जिल्ह्यात मोटारसायकल म्हणजे घरातला सगळ्यात राबणारा जीव. खताची गोणी, फवारणीचा पंप, दुधाचे कॅन, बाजारात दाखवायला नेलेला हळदीचा नमुना, शाळेत जाणारी लेकरं, दवाखान्यात न्यायची म्हातारी, सगळं तिच्यावर. एसटी मुख्य रस्त्यावरच्या फाट्यापर्यंत येते. फाट्यापासून गावापर्यंत आणि गावापासून शेतापर्यंतचा रस्ता दुचाकीचाच. ती वेळेला सुरू होणं इथं सोयीपुरतं राहत नाही, अख्ख्या घराचा दिवस त्यावर अवलंबून असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. गावाकडं राबणाऱ्या गाडीला सुरू होण्याचे दोन मार्ग असलेच पाहिजेत. ज्या इंजिनात किकला जागा आहे, तिथं ती बसवून घेणं शहाणपणाचं आहे. जिथं जागा नाही, तिथं ओढूनताणून बसवणं धोक्याचं आहे. आणि ती जागा ठेवायची की नाही हे कारखान्यात एकतर्फी ठरावं, हे मला मान्य नाही.

पायातून बोटात

किकचा इतिहास शंभर वर्षांहून जुना. सुरुवातीच्या मोटारसायकली सायकलसारख्या पायंडल मारून किंवा पळत ढकलून सुरू करत. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड स्कॉट यांनी १९०८ च्या सुमारास आपल्या टू-स्ट्रोक गाडीला पायानं दाबायची किक दिली आणि पुढच्या काळात जगभरच्या मोटारसायकलींनी ती उचलली. विजेवर चालणारा सेल्फ स्टार्टर मोटारगाडीत १९१२ साली आला. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला तो स्टार्टर त्या वर्षीच्या कॅडिलॅकमध्ये बसवला गेला. दुचाकीत तो सर्वसामान्यांपर्यंत पोचायला आणखी अर्धं शतक गेलं. १९६० मध्ये होंडाने आपल्या सुपर कबची सेल्फवाली आवृत्ती काढली आणि १९६९ च्या सीबी ७५० ने मोठ्या गाडीतही बटण रूढ केलं.

आपल्याकडं किकची तालीम वेगवेगळ्या गाड्यांवर झाली. जावा आणि येझदीची किक डावीकडं असे आणि गंमत म्हणजे गिअर टाकायची दांडी तीच असे. ती आत दाबून वर फिरवली की किक होई, गाडी सुरू झाली की पुन्हा गिअर. यामाहा आरएक्स १०० ची किक प्रायमरी असल्यामुळे गाडी गिअरमध्ये असतानाही क्लच दाबून मारता येई. चढावर बंद पडलेली आरएक्स न्यूट्रल न शोधता सुरू होई ती त्यामुळेच. आणि जुन्या बुलेटचं तर पूर्ण शास्त्रच होतं. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत इंजिन जड लागेपर्यंत न्यायची, अँपिअर मीटरचा काटा मधोमध आला की डिकॉम्प्रेशनची मूठ दाबून किक थोडी पुढं सरकवायची, दांडी वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण वजनानं खाली. यात चूक झाली तर किक उलटी मारायची आणि पिंडरीवर तिची खूण राहायची.

सेल्फची सवय मराठी घरांना लावली ती प्रामुख्यानं कायनेटिक होंडाने. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी मिळून १९८४ मध्ये बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी स्कूटर आणली आणि साडी नेसून, पदर सावरत गाडी सुरू करणं स्त्रियांना सोपं झालं. हे श्रेय बटणाला द्यायलाच हवं. गुडघेदुखीच्या माणसाला, गरोदर बाईला, पाय अधू असलेल्याला सेल्फनं गाडी मोकळी करून दिली. शिवाय कायनेटिक होंडाने सेल्फ देताना किक काढून घेतली नव्हती. बटण होतं आणि दांडीही होती.

दांडी काढायला सुरुवात पुढच्या काळात झाली. बजाजच्या पल्सर मालिकेतली २००७ ची २२० सीसी आणि २०१२ ची २०० एनएस या गाड्या केवळ सेल्फवर आल्या. चाकणला बनणारी केटीएम ड्यूकही तशीच. रॉयल एनफिल्डने २०१६ मध्ये हिमालयन किकशिवाय आणली. २०२० मध्ये मेटिऑर आणि २०२१ मध्ये नवी क्लासिक ज्या जे-सीरिज इंजिनावर आली, त्यात किकला जागाच नाही. जिची किक म्हणजे मर्दुमकीची परीक्षा मानली गेली, त्या बुलेट ३५० चीही नवी आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये याच इंजिनावर, किकविना आली. त्याआधी हीच बुलेट किकवाली आणि सेल्फवाली अशा दोन रूपांत मिळत होती, ज्याला जी परवडेल ती त्यानं घ्यावी.

कंपनीची बाजू

किक काढण्यामागं नुसती काटकसर नाही. इंजिनांचं कॉम्प्रेशन वाढत गेलं. तापलेल्या, जास्त कॉम्प्रेशनच्या मोठ्या सिलिंडरला पायानं फिरवणं अवघड होत गेलं. पाय ठेवायचे फूटरेस्ट मागं गेले, सायलेन्सरचं बेंड रुंद झालं, रेडिएटर आला, आणि दांडीला फिरायला जागा उरेना. देखभाल न लागणाऱ्या सीलबंद बॅटऱ्या आल्या आणि बॅटरी पूर्वीइतकी दगा देत नाही, हेही खरं. किकचा शाफ्ट, गिअर, रॅचेट, स्प्रिंग, ऑइल सील एवढं सामान कमी झालं की वजनही उतरतं, खर्चही.

हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट सुटते. ही सगळी गणितं डांबरी रस्त्यावर रोज वीस-तीस किलोमीटर धावणाऱ्या गाडीची आहेत. तशा गाडीची बॅटरी रोज भरते. हिंगोलीतल्या गाडीचं जगणं वेगळं. घर ते शेत दीड-दोन किलोमीटर, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. एकदा सेल्फ मारण्यात खर्च झालेला करंट भरून निघायच्या आत गाडी बंद. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्ड आणि टायरमध्ये असा घट्ट बसतो की गाडी आठवडाभर गोठ्यात उभी राहते आणि उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरत जाते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य उष्णतेनं घटतं, तापमान दहा अंशांनी चढलं की आयुष्य जवळजवळ अर्ध्यावर येतं असा या धंद्यातला ढोबळ हिशोब आहे.

त्यात नियमांची भर. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो. अपघात टाळायला हा नियम चांगलाच, पण कमी वेगाच्या छोट्या फेरीत तेवढा करंट बॅटरीला कमी मिळतो. शिवाय रात्रीच्या शेतासाठी लोक जादा एलईडी फोकस बसवतात, मोबाइल चार्जर लावतात, मोठा हॉर्न लावतात. सगळं त्याच एका लहानशा बॅटरीवर. शंभर ते दीडशे सीसीच्या गाडीत ती साधारण तीन ते नऊ अँपिअर-अवरची असते आणि सेल्फची मोटर त्या क्षणाला कित्येक दहा अँपिअर मागते. दिवा लावायला जिवंत असलेली बॅटरी सेल्फ ओढायला कमी पडते, ती या फरकामुळे.

इंजिनाच्या पोटात

किक बसवणं म्हणजे बाहेरून दांडी जोडणं नव्हे. दांडी आत जाते तो किकचा शाफ्ट. शाफ्टवर एक गिअर आणि त्याला पकडणारा रॅचेट. किक दाबली की रॅचेटचे दात गिअरला धरतात, गिअर मधल्या आयडलर गिअरला फिरवतो आणि तो क्लचच्या ड्रमवाटे किंवा गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टवाटे क्रँकला फिरवतो. पाय उचलला की स्प्रिंग दांडीला वर खेचते आणि रॅचेट सुटतो. सुटणं फार महत्त्वाचं. इंजिन सुरू झाल्यावरही रॅचेट अडकून राहिला तर क्रँक किकच्याच गिअरला गरागरा फिरवील आणि आतले दात उडतील.

यावरून कळतं की किकला इंजिनात चार ठिकाणी जागा लागते. शाफ्टचं आतलं टोक टेकायला क्रँककेसमध्ये बोअर, आयडलर गिअरला पिन, क्लच ड्रमवर किंवा मुख्य शाफ्टवर जुळणारे दात, आणि क्लच कव्हरमध्ये शाफ्ट बाहेर यायला ऑइल सीलसकट भोक. यातलं काय आहे आणि काय नाही, यावर सगळं अवलंबून. गॅरेजवाल्यांच्या अनुभवात त्यामुळे गाड्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग भाऊबंदांचा. कंपनीनं एकच क्रँककेस दोन मॉडेलांना वापरलेला असतो, एक किकवालं, एक बिनकिकचं. बिनकिकच्या इंजिनात शाफ्टची जागा तयार असते, फक्त सामान भरलेलं नसतं किंवा भोक टोपणानं बंद असतं. अशा गाडीला किकवाल्या भावाचा शाफ्ट, गिअर, स्प्रिंग आणि क्लच कव्हर आणलं की काम होतं. याचं जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे सुझुकीची डीआर-झेड ४००. या मालिकेत एक आवृत्ती किकवाली होती. तिच्या भावंडांना, सेल्फवाल्या एस आणि ई आवृत्त्यांना, तिचं सामान बसतं. वाळवंटात, जंगलात एकटं भटकणारे लोक ते आवर्जून बसवून घेतात, कारण तिथंही धक्का मारायला दुसरं माणूस नसतं.

दुसऱ्या वर्गात ओतकामात जाडी ठेवलेली असते, पण बोअर केलेला नसतो. म्हणजे कंपनीच्या साच्यात किकची आठवण शिल्लक आहे, पण मशीननं ती कोरलेली नाही. इथं इंजिन पूर्ण खोलून केस लेथवर चढवावी लागते. हे काम चांगल्या टर्नरचं. बोअर केसच्या तोंडाला काटकोनात आणि नेमक्या अंतरावर पडला नाही तर गिअरचे दात एकमेकांना खातात आणि ऑइलमध्ये चकाकणारा चुरा दिसायला लागतो.

तिसऱ्या वर्गात जागाच नाही. जे-सीरिजसारखी मुळातच किकशिवाय आखलेली इंजिनं यात येतात. इथं वेल्डिंग करून, पत्रा जोडून, बाहेरून साखळी लावून किक ‘बनवून देतो’ म्हणणारा भेटला, तरी त्याला नमस्कार करून पुढं जावं.

क्लच साइड उघडताना

हिंगोली-नांदेड रस्त्यावरच्या एका छोट्या गॅरेजात पहिल्या वर्गातल्या गाडीचं काम जवळून पाहायला मिळालं. गाडी शेतकऱ्याची, कार्बोरेटरच्या काळातली, दीडशे सीसीची, केवळ सेल्फवाली. तिच्या किकवाल्या भावाचं सामान मिस्त्रीनं काही नवं, काही जुन्या बाजारातून आणून ठेवलं होतं. जुनं सामान घेताना त्यानं रॅचेटचे दात नखानं चाचपून पाहिले. दातांच्या कडा गोल झालेल्या असतील तर किक मध्येच सुटते आणि पाय जमिनीवर आपटतो, म्हणून रॅचेट आणि स्प्रिंग नवीच घ्यायची, शाफ्ट जुना चालतो, असा त्याचा शिरस्ता.

आधी ऑइल काढलं. उजवीकडचा फूटरेस्ट आणि ब्रेकचं पेडल सोडवलं. क्लच कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. त्यानं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर कव्हरचा आकार काढला आणि जिथला बोल्ट तिथंच भोक पाडून खोचला. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर केसला तडा, आणि मग सगळ्या कामावर पाणी. कव्हर निघालं तेव्हा आत शाफ्टची जागा खरोखरच तयार होती, त्यात इतक्या वर्षांचं तेल साचलेलं. शेतकरी वाकून पाहत होता. जागा आतच होती हे कळल्यावर तो बराच वेळ त्या भोकाकडंच बघत राहिला.

पुढचं काम नाजूक. क्लच उतरवून आयडलर गिअर पिनवर चढवला, वॉशर आणि सर्क्लिप बसवली. शाफ्टवर आणि रॅचेटवर पंचनं केलेली एकेक बारीक खूण असते. त्या दोन खुणा समोरासमोर आल्या नाहीत तर किक उशिरा धरते किंवा वर येऊन स्टॉपरला लागत नाही. मिस्त्रीनं चष्मा कपाळावर सरकवला, खुणा डोळ्यांजवळ नेऊन जुळवल्या, मग स्प्रिंगचं टोक पकडीनं ताणून केसमधल्या खाचेत अडकवलं. जुनी गॅस्केट ब्लेडनं खरवडून काढली, पण ॲल्युमिनियमवर ओरखडा येणार नाही अशा बेतानं. नव्या कव्हरात ऑइल सील बसवून तिच्या ओठाला थोडं ग्रीस लावलं, म्हणजे शाफ्ट आत जाताना रबर फाटत नाही.

गाडी सुरू करायच्या आधी त्यानं चावी न लावता किक कितीतरी वेळा हातानंच दाबली. दांडी पूर्ण खाली जाते का, आपसूक वर येते का, ब्रेकच्या पेडलला किंवा सायलेन्सरच्या बेंडला घासते का, हे बघून घेतलं. मग ऑइल भरून पहिली किक त्या शेतकऱ्यालाच मारायला सांगितली. दुसऱ्या किकला इंजिन धडधडलं. मिस्त्रीनं लगेच क्लच साइडला कान लावला. रॅचेट सुटला की नाही हे आवाजावरून कळतं. जाताना त्यानं बजावलं: शंभर-दोनशे किलोमीटरनं ऑइल काढून आणून दाखवा, चकाकी दिसली तर पुन्हा उघडू.

इंजेक्शनचा पेच

आता कळीचा मुद्दा. ती गाडी कार्बोरेटरची होती, म्हणून किकचा पूर्ण फायदा मिळाला. कार्बोरेटरला पेट्रोल उताराच्या ओढीनं मिळतं आणि अशा बहुतेक गाड्यांना ठिणगीपुरती वीज इंजिन स्वतःच फिरताना तयार करतं. बॅटरी काढून ठेवली तरी त्यातल्या कित्येक गाड्या किकवर सुरू होत.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आलं. टाकीतला पंप साधारण तीन बार दाबानं पेट्रोल इंजेक्टरकडं ढकलतो आणि ईसीयू ते किती आणि कधी फवारायचं हे ठरवतो. पंप आणि ईसीयू दोघांनाही वीज हवी. बॅटरी अर्धवट उतरली असेल, म्हणजे सेल्फ ओढायला कमी पण पंप चालवायला पुरेशी असेल, तर किक नक्की कामाला येते. रोजच्या अडचणींपैकी बऱ्याच अशाच असतात. सेल्फची मोटर, तिचे कार्बन ब्रश, रिले किंवा वन-वे क्लच बिघडला असेल तरीही किकच तारते. पण बॅटरी पार मेलेली असेल तर इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत किक मारून मारून पाय दुखेल, गाडी उठणार नाही. किक बसवायला निघालेल्या प्रत्येकानं हे आधी नीट समजून घ्यावं.

हा पेच सुटू शकतो, हेही जगानं पाहिलंय. मोटोक्रॉसच्या शर्यतीत सुझुकीची २००८ ची आरएम-झेड ४५० आणि होंडाची २००९ ची सीआरएफ ४५० आर या गाड्या इंजेक्शनच्या होत्या, किकच्या होत्या आणि त्यांना बॅटरीच नव्हती. किक मारताना जनरेटर जी वीज देई ती कंडेन्सरमध्ये क्षणभर साठे आणि तेवढ्यावर पंप व ईसीयू जागे होत. म्हणजे तंत्र अशक्य नाही. ते शर्यतीच्या घोड्याला मिळालं, शेतावर राबणाऱ्या गाडीपर्यंत पोचवायचं कुणी मनावर घेतलं नाही.

हिंगोलीची एमएच-३८ आणि आरसी बुक

किक बसवायला कायद्याची हरकत आहे का, असाही प्रश्न येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीनं दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं. त्याच कलमात फेरफाराचा अर्थ दिला आहे: वाहनाच्या रचनेत असा बदल, ज्यामुळे त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. त्याच कंपनीच्या भावंड मॉडेलचं क्लच कव्हर आणि किकचं सामान बसवल्यानं इंजिन नंबर, चेसिस नंबर, सीसी, इंधन यातलं काहीच बदलत नाही.

पण एक फरक जपायला हवा. इंजिन नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो. बोअर करायची कटकट टाळण्यासाठी कुणी भंगारातला किकवाला क्रँककेस आणून बसवला, तर गाडीचा इंजिन नंबरच बदलला. आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद नसेल तर अशी गाडी विमा नाकारण्यापासून चोरीच्या संशयापर्यंत कुठंही अडकू शकते. ‘नवा क्रँककेस टाकतो, सोपं पडतं’ असं कुणी सांगितलं तर आधी त्या केसचा नंबर आणि त्याचं बिल मागावं. वॉरंटीतल्या गाडीचं इंजिन तर बाहेर उघडूच नये. मुदत संपू द्यावी, मग विचार करावा.

किक नसेल तर

ज्यांच्या गाडीत जागाच नाही त्यांनी हताश व्हायचं कारण नाही. साधा मल्टिमीटर घरात असावा. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. इंजिन चालू असताना साधारण पावणेचौदा ते साडेचौदा. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरीचे दिवस भरत आले समजावं आणि रात्रीची पाळी लागायच्या आधीच ती बदलावी. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीची मायनस वायर सोडून ठेवावी. जादा फोकस रिले लावून, चावी बंद होताच बंद होईल असा जोडावा.

धक्का मारायची कलाही नव्या पोरांनी शिकून घ्यावी. चावी चालू, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला. उतार मिळाला तर उत्तम. वेग आला की सीटवर वजन टाकत क्लच झटक्यात सोडायचा आणि इंजिन उठताच पुन्हा धरायचा. पहिला गिअर नको, त्यात मागचं चाक घसटतं. शेजारच्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर वायर लावतानाही प्लसला प्लस, मायनसला मायनस हे डोळ्यांत तेल घालून पाहावं. उलट वायर लागली तर ईसीयू जळतो आणि त्याचा खर्च किकच्या सामानाच्या कितीतरी पट.

मागणी काय आहे?

विहिरीवर मोटर बसली म्हणून शेतकऱ्यानं दोर-पोहरा फेकून दिला नाही. तो कोपऱ्यात टांगून ठेवला, कारण लाइट जाते हे त्याला माहीत होतं. गाडीतली किक ही तशीच राखीव सोय आहे आणि ती मागणाऱ्याला मागासलेला ठरवू नये.

केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं आणि वाहनं दोन्ही त्याच्या कक्षेत आहेत. आजवर ही चर्चा सुट्या भागांची उपलब्धता, माहितीपुस्तिका, वॉरंटी यांभोवती फिरली. तिच्यात आणखी एक बाब यायला हवी: वापरणाऱ्याला आपल्या गरजेप्रमाणं यंत्र पूर्ण करून घेता यावं, यासाठी यंत्रात जागा ठेवणं. दीडशे-एकशेसाठ सीसीपर्यंतच्या गाड्यांत क्रँककेसमध्ये किकचा बोअर असावा, क्लच कव्हर दोन्ही प्रकारचं मिळावं आणि किकचा संच शोरूममध्ये ॲक्सेसरी म्हणून विकत मिळावा. ज्याला हवा तो घेईल, बसवणारा अधिकृत मिस्त्री असेल, वॉरंटीही टिकेल. इंजेक्शनच्या गाडीत किकवर जागं होण्यापुरता कंडेन्सर दिला तर उत्तमच. आजही शंभर सीसीच्या कित्येक गाड्या किक आणि सेल्फ दोन्ही घेऊन विकल्या जातात, तेव्हा कारखान्याला हे जमणार नाही असं म्हणायला वाव नाही.

ग्राहकाच्या हातातही एक हत्यार आहे, ते म्हणजे खरेदीचा दिवस. दसऱ्या-पाडव्याला शोरूमसमोर हार घालून उभ्या केलेल्या गाडीचा रंग, मायलेज आणि हप्ता विचारला जातो. चौथा प्रश्न विचारायला हवा: किक आहे का, नसेल तर या इंजिनाला बसते का? शेतात राबवायची गाडी असेल तर दोन्ही मार्ग असलेलंच मॉडेल मागा आणि शोरूमवाल्यानं ‘आता तसं कोणी घेत नाही’ म्हटलं तर ‘आम्ही घेतो’ हे ठासून सांगा. कंपन्या गिऱ्हाइकाचं ऐकतात ते मागणी आकड्यांत दिसली की. वसमत, सेनगाव, कळमनुरीच्या शोरूमांतून हा प्रश्न रोज वर जायला लागला, तर पुढचं इंजिन आखणाऱ्याला किकच्या बोअरसाठी जागा राखून ठेवावीच लागेल.